नमुना

अकरा वर्षं मी पेशी मारून पाहिल्या.
पाहायचं तर आधी मारायचं, हा शिरस्ता होता
बर्मिंगहॅमच्या त्या बिनखिडकीच्या तळघरात.
फॉर्मॅलिनचा वास माझ्याबरोबर बसने घरी यायचा.
स्थिर करा, पाणी काढून घ्या, मेणात बसवा,
केसाहून दहापट पातळ काप,
मग रंग. जांभळं होईल ते केंद्रक,
गुलाबी होईल ते बाकीचं सगळं.
'रंग चढवल्याशिवाय काही दिसतच नाही,'
मी दरवर्षी नव्या पोरांना सांगायचे
आणि ती वहीत लिहून घ्यायची.

का सोडलंस, विचारतात.
कधी ग्रँट संपली म्हणते, कधी मानेचं दुखणं. दोन्ही खरं.
पण सोलिहलच्या एका हॉलमध्ये, दिवाळीला,
चकलीची प्लेट माझ्या हातात द्यायच्या आधी
एक बाई गोड थांबल्या:
'निमसोडकर... म्हणजे मूळचे?'

बसमध्येही विचारतात हे, इंग्रजीत.
तिथे 'इंडिया' म्हटलं की स्टॉप येतो.
इथे देश पुरत नाही, जिल्हा पुरत नाही,
प्रश्न थेट गावाच्या वेशीपर्यंत जातो
आणि आत की बाहेर,
एवढंच त्याला हवं असतं.

बाबांनी गॅझेटात तीन ओळी छापून घेतल्या होत्या,
मी पहिलीत जायच्या आधी.
कात्रण लॅमिनेट केलेलं, बँकेच्या पासबुकात.
मला ते लाडाने 'नमुना' म्हणायचे.

कॅमेरा जुना घेतला, लग्नं शूट करणाऱ्या माणसाकडून.
बॅगेच्या तळाशी अक्षता होत्या. राहू दिल्या.

गुरमेज. वुल्व्हरहॅम्प्टन. वय बावन्न.
म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची नोकरी.
एका घरात आजीबाईंनी तिचं कूळ काढलं,
टॉवेल छातीशी धरला, म्हणाल्या, तुझा हात नको.
पुढच्या आठवड्यात चार फेऱ्या कमी.
एजन्सीच्या ईमेलात कारण: 'ग्राहकाची पसंती'.

मी तिला म्हटलं, कणीक मळता मळता सांगा.
हात जरा उजेडाकडे. पुन्हा एकदा.
आता फ्रिज बंद करून, आवाज येतोय. अजून एकदा.
तिसऱ्यांदा ती थांबली.
'त्या म्हातारीला किती वेळा न्हाऊ घालू तुझ्यासाठी?'

फॉर्मॅलिन.
मला वास आला, शपथेवर सांगते,
त्या जिऱ्याच्या फोडणीच्या घरात.

मग तिने पिठाचं बोट माझ्याकडे केलं: 'तुझं आडनाव?'
निमसोडकर.
'ते गावाचं झालं. तुझं?'

नऊ सेकंद. फ्रिजही बंद.
साउंडवर ह्यू होता, वेल्सचा पोरगा,
त्याला वाटलं माईक गेला.
वायर हलवून पाहिली त्याने.
मग मी सांगितलं.

इथे सांगत नाही.
आत्ता, या ओळीवर, तुम्हीही तेच शोधत होतात,
बाबांच्या कात्रणापर्यंत मागे जाऊन आलात कदाचित.
फिल्ममध्ये आहे, स्पष्ट ऐकू येतं.
तेव्हा पडद्यावर कणीक आहे,
बोटांचे चार खड्डे पडलेली,
हळूहळू सैलावत ते भरून काढणारी.
जिवंत पेशीसारखी, म्हणणार होते.
नको. कणीक आहे.

पहिला शो तिथल्याच लायब्ररीत, वरच्या मजल्यावर.
तीस खुर्च्या, एकोणीस माणसं.
गुरमेज उशिरा आली, युनिफॉर्मवरच, मागे उभी राहिली.
दिवे लागल्यावर म्हणाली,
'पाणी जास्त झालं होतं त्या दिवशी.
तू सारखी बोलत होतीस ना.'